सावडीचा दिवस

डिसेंबर लागला की आमच्या गावातून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्याला कांद्याच्या रोपाचा वास सुटतो. कांद्याचा नव्हे, रोपाचा. कांद्याचा वास डोळ्यांत जातो. रोपाचा वास हिरवा, ओला असतो आणि तो नाकातच घुटमळत राहतो. ओल्या गोणपाटाखाली जुड्या झाकून पिकअप जातात, मागे रस्त्यावर पाण्याच्या थेंबांची रेघ उमटते, आणि मी चहाचा कप घेऊन ओट्यावर उभी असते. या दिवसांत निम्मं गाव लागवडीला वाकलेलं असतं. कुणाशी बोलायचंच असेल तर वाफ्याच्या कडेला उभं राहून त्याच्या पाठीशी बोलावं लागतं.

मला त्याची सवय आहे. हायस्कुलात मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणजे आयुष्यभर वह्यांवर वाकलेल्या पाठींशीच बोलत आले.

यंदाही वास आला आणि तीन वर्षांपूर्वीचा तो हंगाम आठवला. मी नुकती निवृत्त झाले होते आणि निवृत्त शिक्षकाला जो आजार होतो तो मला झाला होता. लोकांना शहाणं करून सोडायचं होतं. ग्रामसभेचे हक्क, माहितीचा अधिकार, असली पत्रकं मी घरोघर वाटत असे. नदीकडच्या वस्तीवर तर प्रत्येक ग्रामसभेच्या आधी जाऊन बायकांना सांगून येई. त्या पाणी देत, चहा देत, 'येतो की बाई' म्हणत, आणि एकही येत नसे. नंतर रजिस्टर वस्तीवर जाई, चुलीपाशी सही होई, आणि कागदावर सभा भरगच्च दिसे. मी यजमानांपुढे चडफडत असे. ते पेपर वाचत 'हं' म्हणत.

तशात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा पुण्याहून फोन आला. ती एका जागतिक संस्थेसाठी स्वयंसेवक म्हणून काम करत होती. सगळ्या जगातून चिठ्ठ्या टाकून सामान्य माणसं निवडायची, त्यांना पडद्यावर एकत्र बसवायचं आणि जगाचे मोठे निर्णय कुणी आणि कसे घ्यावेत यावर त्यांना बोलू द्यायचं, असा तो उपक्रम. पुढारी नकोत, तज्ज्ञ नकोत. संगणकानं जगाच्या नकाशावर ठिपके टाकले होते. "बाई," ती म्हणाली, "एक ठिपका तुमच्याच शिवारात पडलाय."

नकाशा उघडून पाहिला तर ठिपका बरोबर उसाच्या फडात. यजमान डोकावून म्हणाले, "इथं फक्त बिबट्या राहतो. त्याला बोलवा." पण नियम असा होता की ठिपक्याच्या जवळची घरं घ्यायची. जवळची घरं म्हणजे नदीकडची वस्ती. मी दारोदार हिंडून डझनभर नावं गोळा केली, आणि पुण्यात कॅमेऱ्यासमोर चिठ्ठी उचलली गेली. सुमनचं नाव निघालं.

सुमन चाळिशीची, दीड एकराची मालकीण, नवरा दुधाचा टेम्पो चालवणारा, मुलगी प्रतीक्षा मंचरला कॉलेजात. निवड झाल्याचं सांगितल्यावर ती बराच वेळ हातातल्या रोपांचे शेंडे छाटत राहिली. मग म्हणाली की तिनं तर काही केलेलं नाही, मग तिचंच नाव कसं आलं. मी म्हटलं, काही केलेलं नाही म्हणूनच. ते तिला पटलं नाही. आज मलाही पटत नाही.

पाच बैठका होत्या, आठवड्याला एक, दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंत. त्या माझ्या घरी व्हायच्या, कारण वाय-फाय माझ्याकडे. तिनं मराठीत बोलायचं आणि मी शेजारी बसून ते इंग्रजीत सांगायचं. सगळं ठरलं आणि मग सुमननं अडचण सांगितली. सावड कशी करायची?

नदीकडच्या बायका मजूर लावत नाहीत, आणि लावायचे म्हटलं तरी त्या दिवसांत मिळत नाहीत. नऊजणींची सावड आहे. आज हिच्या वाफ्यात सगळ्या, हिचं उरकलं की तिच्या. जिच्या शेतात तू वाकलीस ती तुझ्या शेतात वाकणार, एवढाच करार, आणि तो कुठेही लिहिलेला नाही. लागवडीचा नंबर मात्र पक्का असतो. रोप वेळेत लागलं नाही तर जून होतं, मग कांदा पोसत नाही. सुमनचा नंबर त्या वर्षी शेवटून दुसरा होता. पाच दुपारी गैरहजर राहणारीच्या शेतात बाकीच्या आठजणी कोणत्या तोंडानं येणार?

त्यावर निकाल दिला ठकूबाईंनी. ठकूबाई सावडीत सगळ्यांत थोरल्या. त्यांचा सासरा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. आता घरी दहा-बारा मेंढरं उरली आहेत आणि एकराचा तुकडा आहे. त्या म्हणाल्या की सुमननं जावं, तिच्या वाट्याचे वाफे बाकीच्यांनी वाटून लावावेत. मला तेव्हा भरून आलं होतं. मी घरी येऊन यजमानांना म्हटलं, बघा, लोकशाहीसाठी बायका किती करतात. वस्तीवर लोकशाहीचं नावही कुणी काढलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या बैठकीला सुमन आली ती हात तीनदा साबणानं धुऊन. तरी वास होताच. माझ्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या हातावर, माऊसवर, रोपाचा वास. पडद्यावर खिडक्या उघडत गेल्या. एक मासेमारी करणारा तरुण, एक परिचारिका, एक टॅक्सीवाला, आणि कुठल्यातरी बर्फाळ मुलखातले एक आजोबा. आपल्याकडे ऊन तापलेलं असायचं आणि आजोबांच्या मागच्या काचेत अंधार. सुमननं हळूच विचारलं, "त्यांच्याकडं उजाडतच न्हाई का, बाई?" मी तिला पृथ्वी कशी फिरते ते समजावून सांगितलं. ती ऐकत होती, पण लक्ष आजोबांकडे होतं. बैठक संपताना तिनं पडद्याला हात जोडले, आणि आजोबांनीही जोडले.

दुसऱ्या बैठकीपर्यंत ती बोलू लागली. जपून बोलायची, पण नेमकं. मला फार अभिमान वाटायचा. खरं सांगायचं तर तिच्या वाक्यांना मी जरा इस्त्री करत असे. ती म्हणायची, पाणी वरच्यानं अडवलं की खालच्याला काय उरतं? मी त्यातून अशी काही भाषा काढायचे की आजोबा मान डोलवायचे. त्यात काही गैर आहे असं वाटलं नाही. विद्यार्थिनीची वही तपासण्याचा हात होता तो.

आणि मग तिसरी बैठक.

त्या दिवशी सुमन बसली ती पदराच्या गाठीतला कागद काढून. प्रतीक्षाच्या अक्षरात आठ नावं आणि प्रत्येकीपुढे एकेक गोष्ट. झालं होतं असं की तिच्या वाट्याचे वाफे लावण्याच्या बदल्यात बायकांनी तिला सांगितलं होतं, आम्ही तुझं लावतो, तू आमचं सांग. एकीनं सांगितलं होतं, पाण्याला लाईट दिवसा द्या, अंधारात उसाच्या कडेनं जायला लावू नका. दुसरीनं, सभा लागवडीत आणि सुगीत ठेवू नका. तिसरीनं, सही घरी नेऊ नका, आम्हाला बोलवा. ठकूबाईंनी सांगितलं होतं, मेंढरं जायची जुनी वाट तारा ठोकून बंद करू नका. असं एकेक. शेवटचं नाव रंजनाचं. रंजना म्हणजे सुमनची जाऊ, इतकी गप्प की वस्तीवर जाऊन आलं तरी ती होती की नव्हती ते आठवत नाही. तिनं लिहायला लावलं होतं, माझं काही नाही, पण माझं नाव घ्या.

सुमननं सगळं सांगितलं. नाव घेऊन, थांबून, कागदावर बोट ठेवून. तिला ठरवून दिलेल्या दोन मिनिटांहून बराच जास्त वेळ लागला.

मला संस्थेचं प्रशिक्षण झालेलं होतं. त्यात एक गोष्ट ठासून सांगितली होती की निवडलेल्या माणसानं फक्त स्वतःचं मत मांडायचं. तो कुणाचा प्रतिनिधी नाही. घरचे, शेजारचे, जातीचे, पक्षाचे, कुणीही त्याच्या तोंडी शब्द घालता कामा नये, आणि तसं होतंय असं वाटलं तर ते रोखणं हे स्वयंसेवकाचं काम. नियम चांगला आहे. आजही मी त्याला नावं ठेवणार नाही. आपल्याकडे बायकांच्या तोंडी शब्द घालणारे किती असतात ते मी पाहिलेलं आहे. त्या क्षणी मला वाटलं, पोरीला वस्तीनं ओझ्याचं गाढव केलंय. मी माईक सुरू केला आणि इंग्रजीत तीन वाक्यं बोलले. सुमन यांना वाटतं की सभांच्या वेळा कामाच्या हंगामाशी जुळवून ठेवाव्यात, वगैरे. नावं घेतली नाहीत. रंजना तर कुठंच आली नाही.

सुमननं माझ्याकडे पाहून समाधानानं मान हलवली. तिला काय कळणार. संध्याकाळी बायकांनी विचारलं, सांगितलं का? ती म्हणाली, सांगितलं. एकेकीचं नाव घेऊन सांगितलं.

बैठकीचं चित्रण दोन दिवसांनी सगळ्यांना पाठवलं जायचं. वस्तीवर कुणी ते पाहील असं माझ्या मनातही आलं नव्हतं. प्रतीक्षानं पाहिलं. माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी, इंग्रजी चांगलं. तिनं आईला विचारलं, तू एवढं बोललीस आणि बाईंनी एवढंसंच का सांगितलं?

सुमन दुसऱ्या दिवशी सकाळी आली. पायाला चिखल तसाच, आत यायला तयार नाही. मी नियम समजावून सांगू लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं, शाळेतही ती अशीच ऐकून घेत असणार. मग म्हणाली, "बाई, तुमचा नियम बरोबर आसंल. पण मी त्यांना म्हणले सांगितलं. मी खोटी पडले." आवाज चढला नव्हता. "मला उद्या त्यांच्यातच वाकायचंय. मी आता न्हाई यायची."

ती निघून गेल्यावर मी तिथेच उभी राहिले. ओट्यावर तिच्या पायांचे दोन ओले ठसे होते. मला आधी राग आला, संस्थेचा, प्रतीक्षाचा, अगदी सुमनचासुद्धा. मग लाज वाटली. लाजच वाटली, दुसरा शब्द नाही. आयुष्यभर मी मुलींना सांगत आले होते की बोला, आणि एक बोलली तेव्हा तिचं बोलणं मी खोडून सुधारून दिलं होतं. तिची सावड आता मोडणार, तिचं रोप उभ्यानं जून होणार, आणि ते माझ्यामुळे.

दुपारी मी गेले. लागवड त्या दिवशी रंजनाच्या शेतात होती. वाफ्यांत पाणी सोडलेलं, ऊन पाण्यावर पडलेलं, आणि एका रांगेत आठ पाठी. सुमन कडेला, जरा सुटी, बाकीच्यांपासून हातभर लांब. कुणी काही बोलत नव्हतं. लागवडीत बायका बोलत नाहीत असं कधी होत नाही. मी बांधावर उभी राहून सांगितलं की सुमननं सगळ्यांचं सांगितलं होतं, एकही नाव गाळलं नव्हतं. गाळलं ते मी.

हात थांबले नाहीत. अंगठ्यानं भोक, रोप, दाब. अंगठ्यानं भोक, रोप, दाब. रांग संपल्यावर ठकूबाईंनी कंबर सरळ केली.

"बाई, तिच्या जागी आमी वाकतो," त्या म्हणाल्या. "तिच्या जागी तुमी बोलता. आमी तिचा निम्मा वाफा सोडून दिला तर चालंल का?"

मी नाही म्हटलं.

"मग?"

मी चपला काढल्या आणि वाफ्यात उतरले. दुसरं काही सुचलं नाही एवढंच. त्या दुपारी मी दीड वाफा लावला असेन. त्यातली निम्मी रोपं नंतर रंजनानं मुळांशी पुन्हा दाबली, माझ्या देखत. चिखल इतका थंड होता की बोटं आपली वाटेनात. कमरेनं पुढे चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पण वाकल्यावर एक गोष्ट कळली, जी ओट्यावरून कधी कळली नसती. शेजारणीचा हात आपल्या हाताला लागत असतो. तिनं एक रोप लावलं की आपलं लावायचं, तिनं पाऊल मागे घेतलं की आपण घ्यायचं, आणि बोलणंही तसंच पुढे सरकत असतं. एक अर्धं बोलते, दुसरी पुरं करते. मग संध्याकाळी त्यांतल्या एकीला बाजूला काढून विचारायचं, यातलं तुझं स्वतःचं मत कोणतं? मी हेच विचारलं होतं. स्वतःचं मत म्हणजे काय, याचा मी अजूनही विचार करते आहे आणि मला नीट सांगता येत नाही.

सुमन चौथ्या बैठकीला आली नाही. तिची खिडकी काळी राहिली. पाचव्याला आली, ठकूबाईंनी पाठवली म्हणून. कागद तोच होता, घडीवर फाटायला आलेला.

तिची पाळी आली तेव्हा तिनं पुन्हा सगळं सांगितलं आणि मी सगळं इंग्रजीत सांगितलं, नावांसकट, इस्त्री न करता. पाचव्या नावावर चर्चा चालवणाऱ्या बाईंनी थांबवलं. त्या फार गोड बोलायच्या. म्हणाल्या, आम्हाला इतरांचं नको, सुमन यांचं स्वतःचं ऐकायचं आहे. मी ते सुमनला मराठीत सांगितलं.

सुमन म्हणाली, "हे माझंच हाय. त्या तिकडं माझा कांदा लावत्यात, म्हणून मी हितं बसलेय. त्यांचं सोडून माझं येगळं काय काढू?"

मी शब्दाला शब्द सांगितलं. मग तिनं उरलेली नावं घेतली, आणि शेवटी म्हणाली, रंजना, माझी जाऊ, तिचं काही म्हणणं नाही, पण ती आहे. मी तेही सांगितलं. अंधारातल्या आजोबांनी चष्मा लावला आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

संस्थेचा अहवाल पुढे आला. सुंदर छापलेला. त्यात यातलं एक अक्षर नव्हतं, सभा हंगाम बघून ठेवाव्यात हेसुद्धा नव्हतं. मी पत्र लिहिलं, त्याला नम्र उत्तर आलं. मी त्या संस्थेचं काम आजही करते, यजमानांना याचं नवल वाटतं. मला वाटतं की एवढ्या मोठ्या जगाला बसून ऐकायची सवय लावायची तर वेळ लागणारच. मला स्वतःला एका वस्तीचं ऐकायला किती वर्षं लागली.

पण हंगाम तिथं संपला नाही. सुमनच्या वाफ्यात बायका तिच्या नंबराला गेल्या, सगळ्या. रोप जरा जून झालं होतं, तरी लागलं. त्या संध्याकाळी ठकूबाई आणि सुमन माझ्या ओट्यावर आल्या. मला वाटलं हळदीकुंकवाला बोलवायला आल्या असतील. त्या आल्या होत्या माझ्या दिवसासाठी. मी रंजनाच्या शेतात वाकले होते, म्हणजे सावडीकडे माझा एक दिवस होता, आणि तो त्यांना फिटायला हवा होता. दीड वाफ्याचा दिवस असतो का, असं मी हसून विचारलं. ठकूबाई हसल्या नाहीत.

"वाकलं त्ये वाकलं," त्या म्हणाल्या. "तुमाला तर रान न्हाई. मग आमी यायचं कुठं?"

तोवरची पत्रकं, भाषणं, 'येतो की बाई', सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हटलं, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला या.

लागवड उरकत आली होती तरी एकीची राहिली होती. ठकूबाईंनी बोटांवर काहीतरी जुळवलं आणि बरं म्हणाल्या.

शाळेच्या मैदानात झेंडावंदन झालं, मुलांच्या हातातली गोळ्यांची पाकिटं फुटली, आणि सभेची सतरंजी अंथरली गेली. पुढच्या खुर्च्यांवर नेहमीची मंडळी बसली. मला वाटलं, कबूल करणं वेगळं आणि येणं वेगळं. तेवढ्यात फाटकातून नऊजणी आल्या, कामाला जातात तशा एकामागून एक, धुतलेल्या लुगड्यांत, आणि मागे न बसता थेट सतरंजीच्या पुढच्या कडेला बसल्या. थंडीच्या त्या उन्हात मला रोपाचा वास आला. भाऊ, दादा मंडळी जरा सरकून बसली.

रजिस्टर सह्यांसाठी फिरू लागलं. ते ठकूबाईंपाशी आलं तेव्हा त्यांनी ते बंद करून मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, यात आधी काय लिहिलंय ते वाचून दाखवा. ग्रामसेवक नवे होते, भाषण करून घसा बसलेला. सभा उरकायची होती, पुढं दुसऱ्या गावची सभा होती. ते म्हणाले, थोडक्यात सांगतो. ठकूबाईंनी रजिस्टर सोडलं नाही.

"थोडक्यात नको," त्या म्हणाल्या, आणि ते मागे माझ्याकडे दिलं. "बाई वाचतील. त्या आता गाळत न्हाईत."

मी उभी राहिले. चष्मा लावला, तरी अक्षरं दिसायला जरा वेळ लागला. मागच्या सभेचं पान काढलं. सुरुवातीलाच हजर असलेल्यांची नावं होती, त्यांच्यासमोर चुलीपाशी झालेल्या सह्या. मी पहिल्यापासून वाचू लागले, एकही न सोडता. माणसं चुळबुळत होती. रंजनाच्या नावापाशी आले आणि तेही वाचलं, तिच्या नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट.

पुढच्या कडेला ती डोक्यावरचा पदर सारखा करत होती. मान वर केली आणि म्हणाली, "तवा नव्हते. आज हाय."